झडतीचे दिवस

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता, गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती आणि तिथून परतणाऱ्या वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्यावर दामोदर हरी चापेकरांनी गोळी झाडली. ‘गोंद्या आला रे’ ही त्या रात्रीची खूण अजून लोकांच्या तोंडी आहे. रँड पुण्यात कशासाठी आला होता, त्याच्या हाती कोणता कायदा होता आणि त्या कायद्याने पुणेकरांच्या माजघरापर्यंत हात कसा घातला, हा भाग मात्र ‘प्लेगच्या वेळी जुलूम झाला’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. वाक्य खरे आहे, पण फार अपुरे आहे. साथ आली की सरकारने माणसाच्या घरात किती आत शिरावे, रोग्याला त्याच्या माणसांपासून कोणी आणि कसे तोडावे, चूक झाली तर दाद कुठे मागावी, हे सगळे प्रश्न त्या वर्षी मुंबई-पुण्यात उघड्यावर आले. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर मिळाले नाही, आणि पुढचे बरेचसे अनर्थ त्यातून झाले असे मला वाटते.

सुरुवात मुंबईच्या मांडवी भागातली. बंदराला लागून असलेली ही वस्ती धान्याच्या वखारींची, म्हणजे ओघानेच उंदरांची. सप्टेंबर १८९६ मध्ये इथे लोक तापाने पटापट मरू लागले. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, माणूस ग्लानीत जायचा आणि चार-पाच दिवसांत संपायचा. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस तिथे रोगी तपासत होते. हा गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखले आणि महापालिकेचे सभासद या नात्याने ते उघडपणे सांगितलेही. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये याच रोगाने कहर केला होता आणि अलेक्झांडर येर्सँ यांनी तिथे त्याचा जंतू शोधून काढला होता. जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे जगात कुणालाही कळलेले नव्हते. पुढचा सगळा गोंधळ या एका अज्ञानावर उभा आहे. घाण, ओल, काळोख, रोग्याचे अंथरूण-पांघरूण आणि खुद्द रोगी, यांतून प्लेग पसरतो अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती आणि उपाय त्या समजुतीला धरूनच ठरले.

६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. रोगी सापडला की त्याला इस्पितळात हलवायचे, घरच्यांची मर्जी असो वा नसो. घरे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने बंबांनी धुऊन काढायची, काळोख्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले उतरवायची. जी घरे राहण्यालायक नाहीत असे ठरेल त्यांच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवायची. चाळीत राहणाऱ्याला ती वाचता येत नसत, पण त्यांचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

इस्पितळ या जागेबद्दल तेव्हाच्या सामान्य माणसाला काय वाटत असे, हे आज नीट समजून घ्यावे लागते. ज्याला घर नाही, पाणी पाजायला कुणी नाही, त्याने मरायला जाण्याची ती जागा. त्यात प्लेगचे बहुतेक रोगी अगदी शेवटच्या घटकेला तिथे पोचत आणि दगावत. आत गेलेला परत येत नाही, एवढेच बाहेरून दिसत होते. मग अफवा उठायला वेळ लागला नाही. त्याच ऑक्टोबरात मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले होते. राणीला त्याचा सूड घ्यायचा आहे आणि इस्पितळात माणसे मारून त्यांची काळजे तिकडे पाठवतात, असे लोक बोलू लागले. (पुतळ्याला डांबर फासणारे आपणच, असे दामोदर चापेकरांनी पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगितले आहे.) २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा सुमारे हजारभरांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. तेच इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून साथरोगांवर उपचार करते.

महापालिकेने पाऊल मागे घेतले. रोग्याची घरी वेगळी सोय होत असेल तर त्याला हलवणार नाही, असे जाहीर झाले. हे दयेपोटी झाले नव्हते. कमिशनरला भीती होती ती हलालखोरांची. शहराचा मैला उचलणारे हे कामगार घाबरून निघून गेले असते, तर प्लेगचे राहू द्या, मुंबईच जगली नसती. तरीही भीतीने शहर रिकामे होत गेले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निम्म्याच्या जवळपास माणसे आगगाडीने, गलबताने, पायी निघून गेली. कोकणात, गुजरातेत, देशावर जिथे ती पोचली तिथे मागोमाग प्लेगही पोचला. पुण्यात पहिले रोगी ऑक्टोबरातच मुंबईहून आलेले होते.

आता युरोपने दार लावायला सुरुवात केली. मुंबईहून येणारी जहाजे आणि माल नको, असे एकेक देश म्हणू लागला. साथीवर विचार करायला व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती आणि हिंदुस्थान सरकारला तिथे काहीतरी करून दाखवल्याचा पुरावा हवा होता. २८ जानेवारी १८९७ ला कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात एक विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीला ते मंजूरही झाले. एका आठवड्यात झालेला हा साथरोग कायदा जेमतेम चार कलमांचा आहे. नेहमीचे कायदे अपुरे पडतात असे सरकारला वाटले, तर साथ रोखायला योग्य वाटतील ते नियम सरकारने करावेत, आगगाडीतले प्रवासी तपासावेत, संशयितांना वेगळे ठेवावे, असे दुसरे कलम म्हणते. नियम मोडणाऱ्याला शिक्षा, हे तिसरे. आणि या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कुणावरही दावा किंवा खटला चालणार नाही, हे चौथे. रोग्याचे हक्क, घरच्यांना द्यायची माहिती, तक्रार ऐकणारा अधिकारी, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नाही. त्या चौथ्या कलमाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

फेब्रुवारीत रँड पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला. हा माणूस पुणेकरांना नवा नव्हता. साताऱ्याकडे असताना मिरवणुकीत वाद्ये वाजवल्यावरून वाईतल्या प्रतिष्ठित ब्राह्मणांना त्याने तुरुंगात धाडले होते, आणि त्या प्रकरणाची चीड पुण्यात ताजी होती. कर्तबगार, कडक आणि कुणाचे न ऐकणारा अशी त्याची ख्याती होती. सरकारला नेमका असाच माणूस हवा होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सहसा विसरली जाते. साथ आवरायला कडक उपाय लागतील, हे पुण्यातल्या पुढाऱ्यांना मान्य होते. टिळकांच्या ‘केसरी’ने सुरुवातीला लोकांना सरकारशी सहकार्य करायला सांगितले. रोगी लपवण्याने शेजाऱ्याचा जीव जातो, हे त्यांनी ओळखले होते. बडी मंडळी गावाबाहेर पळाल्याबद्दल टिळकांनी त्यांना खडसावले, स्वतः शहर सोडले नाही आणि हिंदूंसाठी प्लेगचे वेगळे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. आजच्या भाषेत बोलायचे तर सार्वजनिक सुरक्षेच्या बाजूने पुण्याचे सर्वांत मोठे पत्र आणि सर्वांत मोठा पुढारी उभे होते. ही बाजू सरकारने दोन महिन्यांत गमावली.

सावित्रीबाई फुले त्या वेळी पासष्ट ओलांडलेल्या होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला घरातून हलवून दवाखान्यात न्यायचे, हे काम सरकारही करणार होते आणि सावित्रीबाईंनीही केले. ते किती वेगळ्या तऱ्हेने करता येते हे पाहायचे असेल, तर या घटनेनंतर तीन दिवसांनी शहरात काय सुरू झाले ते पाहावे.

१३ मार्चला झडत्या सुरू झाल्या. त्यासाठी गोरे सैनिक आणले होते, त्यांत डरहॅम लाइट इन्फंट्रीची पलटण होती. देशी नोकर लाच खातात, जातभाईंना सोडतात, गोरा शिपाई तसे करणार नाही, असा त्यामागचा हिशेब. एखाद्या पेठेभोवती सकाळी पहारा बसायचा. कोणी आत-बाहेर करायचे नाही. मग तुकड्या घरोघर शिरायच्या. कुलूप असेल तर तोडायचे. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, माळा, बळद, सगळे पाहायचे, आणि तेही पायांतल्या बुटांसकट. ताप अंगावर असलेला कुणी दिसला की त्याला डोलीत घालून संगमापलीकडच्या इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना सेग्रिगेशन कँपात. मागे घरातली जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा, कपडे-अंथरुणे रस्त्यावर आणून जाळायची. कँपातून सुटून आलेल्या माणसाला पुष्कळदा आपल्या घराच्या जागी चुना फासलेली, दारे सताड उघडी असलेली रिकामी वास्तू सापडे. रात्री अंगावर घ्यायला वाकळसुद्धा उरत नसे.

सर्वांत मोठा क्षोभ झाला तो अंगतपासणीवरून. गाठ असते काखेत आणि जांघेत, आणि तपासणारा परका पुरुष. बायकांना घराबाहेर, कधी रस्त्यात उभे करून तपासले, अशा तक्रारी लागोपाठ येऊ लागल्या. स्टेशनांवरही तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना असेच उभे केले जाई.

रँडची बाजूही मांडायला हवी. बायकांची तपासणी बायकांनीच करावी, देवघरांचा मान राखावा, सैनिकांनी नीट वागावे, असे लेखी हुकूम निघाले होते. आपल्या अहवालात त्याने बहुतेक तक्रारी खोट्या किंवा फुगवलेल्या ठरवल्या. लोकही रोगी लपवत होते हे खरेच आहे. माळ्यावर, परसातल्या खोलीत, पहाऱ्याबाहेरच्या नातलगांकडे ताप आलेली माणसे हलवली जात, आणि प्रेतेही लपवली जात. लपवलेल्यांत काही जण कदाचित उपचाराने वाचले असते. आणखी एक अप्रिय गोष्ट अशी की ‘आमच्या घरात शिरू नका’ म्हणणाऱ्यांच्या आग्रहात जातीचा वाटा मोठा होता. इस्पितळात दुसऱ्या जातीच्या माणसाशेजारी खाट नको, त्याच्या हातचे पाणी नको, ही भीती प्लेगच्या भीतीइतकीच तीव्र होती, म्हणून तर हिंदूंचे, मुसलमानांचे, पारशांचे अशी वेगवेगळी इस्पितळे काढावी लागली. त्या आग्रहाला सरसकट व्यक्तिस्वातंत्र्य म्हणणे मला जड जाते. पण स्वतःच्या बायको-मुलीच्या अंगाला परक्या सैनिकाने हात लावू नये, आजारी बापाला नेले तर तो कुठे आहे हे आपल्याला कळावे, या मागण्यांचा जातीशी संबंध नव्हता. त्या जगात कुठेही, कुणीही केल्या असत्या.

१९ मेपर्यंत मोहीम चालली. दोन लाखांहून अधिक झडत्या झाल्या, एकाच घराची पुन्हा पुन्हा झाली म्हणून आकडा एवढा फुगला. त्यांतून सापडलेले प्लेगचे रोगी साडेतीनशेसुद्धा नव्हते. एवढ्या तोट्याच्या व्यवहारासाठी सरकारने एका शहराचा विश्वास विकून टाकला.

तक्रारी कुठे करायच्या? कोर्टाची वाट चौथ्या कलमाने अडवलेली. उरली खुद्द प्लेग कमिटी, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याकडेच अर्ज. सरदार घराण्यातल्या बाळासाहेब नातूंनी लेखी तक्रारी केल्या, त्यांची गणना उपद्रवी माणसांत झाली. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या गैरव्यवस्थेवर आणि आपल्या आश्रमातून तिथे नेलेल्या मुलीच्या बाबतीत काय झाले यावर लिहिले. रमाबाई ख्रिस्ती, इंग्रजांच्या स्नेहातल्या, सनातन्यांच्या विरोधात उभे आयुष्य घालवलेल्या. त्यांच्या तक्रारीला जुन्या मताच्या ब्राह्मणांची कुरकुर म्हणून झटकता येत नव्हते. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचेही म्हणणे नाकारले.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. गोऱ्या सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला, असे त्यांत लिहिलेले होते. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले आणि जुलैच्या सुरुवातीला छापून आले. पार्लमेंटात प्रश्न निघाले, मुंबई सरकारने साफ इन्कार केला. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईत उतरले तेव्हा रँडचा खून होऊन गेला होता आणि पुण्यात धरपकड चालू होती. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यातला एकही जण नावानिशी पुढे येईना. गोखल्यांना पुरावा देता आला नाही आणि ऑगस्टच्या ४ तारखेला त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भ्याड ठरवले, हा डाग त्यांच्या मनाला जन्मभर लागून राहिला. मला या प्रसंगात गोखल्यांपेक्षा त्या न आलेल्या साक्षीदारांचा विचार जास्त येतो. साक्ष द्यायची ती कुणापुढे? ज्या अत्याचाराची चौकशी करणारा स्वतंत्र माणूसच नाही, तो झाला की नाही हे कायमचे अंधारात राहते. गोखल्यांची माफी सरकारने निर्दोषपणाचा दाखला म्हणून वापरली, लोकांनी ती दडपशाहीचा पुरावा म्हणून वाचली. खरे काय झाले हे आज कोणताही इतिहासकार छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुढच्या साथीत हेच गोखले स्वयंसेवकांबरोबर पुण्याच्या पेठांतून प्लेगच्या कामाला फिरले, हेही इथे नोंदवायला हवे.

खुनाची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जातो. त्या रात्री मागच्या गाडीतले लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला ससून इस्पितळात मरण पावला. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंच्या माहितीवरून दामोदर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी गेले. पुढे द्रविडांचा खून झाला. बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू आणि त्यांचा साथी रानडे यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली. एका घरातले तीन भाऊ गेले. शहराने मात्र याहून मोठा दंड भरला. जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च पुणेकरांवर पडला. नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याविना कैदेत टाकले. म्हणजे ज्यांनी रीतसर अर्ज लिहिले तेच आत गेले. टिळकांना २७ जुलैला अटक झाली, आणि ‘केसरी’तल्या लेखनावरून राजद्रोहाच्या खटल्यात सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्यूरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. प्लेगच्या उपायांना सुरुवातीला पाठिंबा देणारा संपादक त्याच प्रकरणाच्या ओघात तुरुंगात जाऊन बसला.

मे महिन्यात प्लेग ओसरला होता आणि त्याचे श्रेय मोहिमेने घेतले. त्याच हिवाळ्यात तो दुप्पट जोराने परत आला. का, याचे उत्तर १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दिले. प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि माणसाला चावतात. सिमाँ यांच्या म्हणण्याकडे आधी दुर्लक्ष झाले, १९०५ नंतर मुंबईतल्या संशोधनाने ते पक्के ठरले. कडक उन्हाळ्यात पिसवा टिकत नाहीत, म्हणून मे महिन्यात साथ आपोआप मंदावते. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजारी बसलेल्याला सहसा रोग देत नाही, त्याला ओढून नेल्याने फारसे काही साधत नव्हते. उलट घरे बंबांनी झोडपल्यावर उंदीर शेजारच्या वाड्यात पळत. मार्च ते मे शेकडो सैनिक माणसे शोधत होते, आणि प्लेग भिंतीतल्या बिळांत होता.

खेड्यापाड्यांतल्या लोकांना मात्र अनुभवाने एक गोष्ट उमगली. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. आमच्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात प्लेगचे साल म्हणजे माळावरच्या झोपड्यांचे साल असे. घर सोडणे हाच त्या काळातला सर्वांत कामाचा उपाय होता, हे पुढे शास्त्रानेही मान्य केले. सरकारी कँपांचा जो काही फायदा झाला तो घरापासून दूर नेल्यामुळे झाला, माणसामाणसांना तोडल्यामुळे नव्हे.

धोरण बदलायला आणखी दंगे व्हावे लागले. ९ मार्च १८९८ ला मुंबईत मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या घरी बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली आणि गोळीबार झाला. त्यानंतर मुंबई सरकार नरमले, कलकत्त्यात आणि संयुक्त प्रांतातही हळूहळू सक्ती सैल झाली. सैनिक गेले, घरी वेगळे ठेवण्याला परवानगी मिळाली, जातीजमातींची इस्पितळे वाढली, स्थानिक माणसे मध्यस्थीला आली. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. ती पुढे कुणावर लादली गेली नाही. तरुण आगाखानांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि खोजांना तसे करायला सांगितले. एका शब्दाचीही सक्ती न करता हजारो माणसे रांगेत आली. लादल्यावर पळणारे लोक समजावल्यावर आपणहून आले, याहून स्पष्ट धडा कोणत्या सरकारला हवा होता? गंमत नव्हे, दुःख याचे की हे तत्त्व इंग्रजांना नवे नव्हते. त्याच १८९८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने देवीच्या लसीबाबत, सदसद्विवेकाला पटत नसेल तर आई-बापांना सूट देणारा कायदा केला. बर्मिंगहॅमच्या बापाला जो विवेक होता तो बुधवार पेठेतल्या बापालाही होता.

प्लेग पुढची तीसेक वर्षे देशात राहिला आणि त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९०३ मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ त्यातच गेला.

साथरोग कायदा प्लेगनंतरही जिवंत राहिला. पुण्यात २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी त्याचा आधार घेतला गेला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने त्याच कायद्याखाली कोविडचे नियम काढले. परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के उठले, इमारती सील झाल्या, जिल्ह्याच्या हद्दींवर पास मागितले गेले. कित्येकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही मिळाले नाही. यांतले बरेच आवश्यक होते असे मी मानतो, कारण कोविड खरोखरच माणसाकडून माणसाकडे जात होता. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा ठरली, आणि तीही गरजेची होती. रोग्याच्या बाजूने मात्र एक ओळही वाढली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याचा आढावा घेतला आणि तो बदलण्याची किंवा नवा सर्वंकष कायदा करण्याची शिफारस केली.

तो नवा कायदा कधीतरी लोकसभेत येईल. तेव्हा आपल्या खासदाराला एवढेच विचारा की साथीच्या काळात सरकारी माणसाने चूक केली, तर तक्रार कुठे करायची, ती किती दिवसांत ऐकली जाईल आणि ऐकणारा त्या मोहिमेबाहेरचा असेल का. १८९७ चे चौथे कलम आजही शब्दशः कायम आहे.